डोंगर कोणत्या रकान्यात?

सरकारने एखाद्या सरकारी कंपनीचे शेअर विकले, की तो पैसा अर्थसंकल्पात ‘भांडवली जमा’ म्हणून दाखवला जातो. लेखाशीर्ष ४०००. मालमत्ता विकली, पैसा हातात आला, पण तो कमाईचा नाही, हे हिशेबनिसालाही मान्य असतं.

सरकारने डोंगर विकला, तर? डोंगरातलं लोहखनिज विकलं, जमिनीखालचा कोळसा, बॉक्साइट, मँगनीज विकलं, तर? राज्यांच्या हिशेबात तो पैसा ‘महसुली जमा’ होतो. करेतर महसूल. दंड, फी आणि परवाना शुल्कांच्या पंगतीत डोंगर जाऊन बसतो. लेखाशीर्ष ०८५३, त्याचं नाव ‘अलोह खाणकाम व धातुकर्म उद्योग’. लोहखनिजाची रॉयल्टीसुद्धा याच ‘अलोह’ शीर्षाखाली जमा होते. नावात लोखंडच नाही आणि रकानाही चुकीचा.

या आठवड्यात मला एवढ्या एका रकान्यासाठी भांडायचं आहे.

आपल्या घरात हा फरक कुणाला शिकवावा लागत नाही. दुखण्याखुपण्याला, लग्नकार्याला, पोराच्या फीला सोनं मोडावं लागतं, आणि लोक मोडतातही. पण पाटल्या मोडून आलेल्या पैशाला घरातली बाई ‘या महिन्याची कमाई’ म्हणत नाही. ती मनात नोंद ठेवते, दोन तोळे गेले, हंगाम बरा झाला की निदान एक तोळा परत करायचा. शेताचा तुकडा विकलेला पैसाही असाच वेगळा ठेवला जातो. त्यातून विहीर खणावी, घर बांधावं, दुसरीकडे जमीन घ्यावी, असं वडीलधारे बजावतात. जमीन विकून वाणसामान भरणाऱ्या घराला गाव सुखी घर म्हणत नाही. राज्य मात्र नेमकं हेच करतं आणि वर महसूल वाढल्याचं सांगतं.

२५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की रॉयल्टी हा कर नाही. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला, न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळं मत नोंदवलं. १९८९ च्या इंडिया सिमेंट खटल्यापासून ‘रॉयल्टी म्हणजे कर’ अशी समजूत चालत आली होती, ती या निकालाने मोडीत काढली. खनिज काढून नेण्याच्या हक्काबद्दल पट्टेदाराने मालकाला द्यायचा, करारातून येणारा मोबदला म्हणजे रॉयल्टी, असं न्यायालय म्हणालं. पुढे १४ ऑगस्टला न्यायालयाने राज्यांच्या खनिजकरांच्या थकबाकीचा प्रश्नही सोडवला. १ एप्रिल २००५ पासूनचं देणं राज्यांना मागता येईल आणि ते १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत घेता येईल.

निकालानंतर चर्चा झाली ती कोणत्या राज्याला किती कोटी मिळणार याची. पण न्यायालयाने रॉयल्टीला मोबदला म्हटलं आहे. मोबदला कशाचा? जी वस्तू एकदाच असते, एकदाच निघते आणि गेली की परत येत नाही, तिचा. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने रॉयल्टीला मालकाच्या वस्तूचा मोबदला ठरवल्यावरही अर्थखातं तिला महसुलातच बसवत असेल, तर दोघांपैकी एकाचं चुकतं आहे. मला न्यायालयाचं बरोबर वाटतं.

केंद्र सरकारचं स्वतःचं धोरणही हेच सांगतं. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणात लिहिलं आहे की खनिजं हा सामाईक वारसा आहे, राज्य हे लोकांच्या वतीने त्याचं विश्वस्त आहे आणि पुढच्या पिढ्यांना या वारशाचा लाभ मिळाला पाहिजे. वारसा, विश्वस्त, पुढच्या पिढ्या हे तिन्ही शब्द सरकारचेच आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही. विश्वस्ताने देवस्थानची जमीन विकून आलेल्या पैशात रोजचा खर्च भागवला, तर त्याला जाब विचारला जातो. खनिजाच्या विश्वस्ताला कोण विचारतं?

गोव्याकडे पाहा. एवढ्या छोट्या जागेत हा सगळा व्यवहार दुसरीकडे कुठे इतका उघडा दिसत नाही.

पोर्तुगिजांनी खाणींच्या सवलती दिल्या त्या कायमच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंड हवं होतं, गोव्याचं खनिज तिकडे जाऊ लागलं. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण खाणी त्याच हातांत राहिल्या. संसदेने कायदा करून त्या सवलतींचं रूपांतर भाडेपट्ट्यांत केलं ते १९८७ साली, मुक्तीनंतर सव्वीस वर्षांनी. मातीतली संपत्ती लोकांची आहे, हे कागदावर यायलाच एवढा काळ गेला.

मग चीनची भूक वाढली. गोव्याचं खनिज कमी प्रतीचं, तेही खपू लागलं. डिचोली, पाळी, पिसुर्ले, उसगाव, सावर्डे, कुडचडे, रिवण या पट्ट्यात रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा आणि मांडवी-जुवारीत बार्जेसच्या रांगा लागल्या. झाडांची पानं तांबडी, घरांच्या भिंती तांबड्या. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास आहे. भागाकार करा. एका वर्षात दर माणशी तीस टनांहून जास्त. तान्ह्या बाळाच्या नावेही तीस टन.

त्या बाळाला काय मिळालं? २००९ च्या ऑगस्टपर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी टनामागे ठरावीक रुपयांत होती, आणि ती तीस रुपयांच्या आत होती. २००८ साली जागतिक बाजारात लोहखनिजाचा टन शंभर डॉलरच्या वर गेला होता. कमी प्रतीच्या मालाला भाव कमी मिळतो, खाणीचा, ट्रकचा, बार्जचा, बंदराचा खर्च असतो, हे सगळं धरूनही मालकाला मिळालेले ते मोजके रुपये डोळ्यांत खुपतात. शिवाय एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते. तिचे डोंगर गावातच राहतात. पावसात ती माती शेतात उतरते, ओहोळ भरतात, भात जळतं. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की खाणीतलं पाणी दिवसरात्र उपसावं लागतं, आणि शेजारच्या विहिरी आटतात. लईराई देवीच्या शिरगावातल्या कोरड्या विहिरींचं गाऱ्हाणं उच्च न्यायालयापर्यंत गेलं. केपे तालुक्यात कावरे आणि सांगे तालुक्यात कोळंब इथले लोक, त्यांत बायका पुढे, रस्त्यावर उतरले. दक्षिण गोव्याला पिण्याचं पाणी देणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणींचे पट्टे आहेत.

पुढचा इतिहास तारखांतच सांगावा, कारण त्या तारखा आपण विसरत चाललो आहोत. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. बेकायदा उत्खननामुळे सरकारचं सुमारे ३५ हजार कोटींचं नुकसान झालं, असा आयोगाचा अंदाज होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही खाणकामाला स्थगिती दिली. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल आला. गोव्यातल्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, त्यानंतरचं सारं खाणकाम बेकायदा. पाच वर्षं मुदत संपलेल्या कागदावर डोंगर पोखरले गेले.

त्यानंतर सरकारने काय करायला हवं होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मुदत संपली, वस्तू मालकाकडे परत आली, आता जास्त बोली लावणाऱ्याला द्या. गोवा सरकारने मात्र नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात लिलाव न करता ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं. १२ जानेवारी २०१५ रोजी लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम आला, आणि त्या एकाच दिवशी ३१ पट्ट्यांचं नूतनीकरण झालं. रेशनकार्डावरचं नाव बदलायला सामान्य माणसाला किती खेपा घालाव्या लागतात, ते आठवा आणि हा ३१ चा आकडा शेजारी ठेवा. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळी नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा थांबल्या.

त्या घाईत काय गमावलं जात होतं, ते २०२२ च्या डिसेंबरमध्ये आकड्यांत दिसलं. चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला. भारतीय खाण ब्युरो जी सरासरी विक्री किंमत जाहीर करतो, तिच्या किती टक्के सरकारला देणार, यावर बोली होती. डिचोलीला ६३.५५ टक्के. काले इथे ८६.४०. शिरगाव-मये ९५.५७. मोंत द शिरगावला १११.२७ टक्के. आणि हे सगळं १५ टक्के रॉयल्टीखेरीज. शंभराच्या वरची बोली पाहून मला शंकाही येते. एक तर जाहीर होणारी सरासरी किंमत खऱ्या भावापेक्षा बरीच खाली आहे, नाहीतर बोली पेलणारी नाही. पण सगळ्यांत खालची बोली घेतली तरी हिशेब स्पष्ट होतो. जी वस्तू नूतनीकरणात १५ टक्के रॉयल्टीवर दिली जात होती, तिच्यासाठी बाजार रॉयल्टीशिवाय आणखी ६३ टक्क्यांहून जास्त द्यायला तयार होता. हा फरक म्हणजे गोव्यातल्या लेकरांचा वाटा. तो वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या खिशात गेला.

आता खाणींवर जगणाऱ्यांचं बोलतो. हे मी घाईने उरकणार नाही, कारण ते लोक खोटं बोलत नाहीत. खाणी थांबल्या तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजले, बार्जेस नदीत उभ्या राहिल्या, गॅरेजं, खानावळी, टायरची दुकानं बसली. खाणपट्ट्यातल्या गावांत पोरांच्या शाळेच्या फीपर्यंत झळ पोचली. सरकारला कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणावी लागली. ‘खाण म्हणजे आमची चूल’ हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण याच खऱ्या गोष्टीतून माझा मुद्दा निघतो. साठ वर्षं खनिज विकणाऱ्या पट्ट्यात पहिल्या झटक्याला चुली थंड पडत असतील, तर त्या साठ वर्षांच्या विक्रीतून तिथे काय उभं राहिलं? खाण बंद पडल्यावरही चालेल असा कोणता धंदा, कोणतं शिक्षण, कोणती ठेव? डोंगर गेला आणि त्याच्या जागी डोंगराएवढं काही आलं नाही. ट्रकवाल्याने आपली फसवणूक कुठे झाली ते पाहावं. याचिका करणाऱ्याने त्याला फसवलेलं नाही.

२०१४ च्या निकालात एक गोष्ट अशी होती जिचं महत्त्व मला सगळ्यांत जास्त वाटतं, आणि तिच्यावर सगळ्यांत कमी बोललं गेलं. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालताना न्यायालयाने असाही आदेश दिला, की विक्रीच्या रकमेतले १० टक्के लोहखनिजाच्या एका कायम निधीत ठेवायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. आपल्या देशात एका खनिजाच्या विक्रीचा दहावा हिस्सा अखेर बरोबर रकान्यात गेला, तोही न्यायालयाच्या हुकमाने. दहावाच का, असं मी विचारतो. उरलेले नऊ हिस्से वारशातले नव्हते का?

महाराष्ट्राने गोव्याकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या टेकड्यांवर ३४८.०९ हेक्टरचा पट्टा २००७ साली दिला गेला. गोव्याहून कितीतरी सरस प्रतीचं खनिज. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे, दर वर्षी तिथे यात्रा भरते. २०२३ मध्ये तिथे वर्षाला १ कोटी टन उत्खननाची मंजुरी झाली. पट्टा लिलावाच्या कायद्याआधीचा, म्हणून लिलावातला वाटा नाही. खाण कायद्याच्या कलम ८-अ नुसार २०१५ पूर्वीच्या अशा पट्ट्यांची मुदत पन्नास वर्षं धरली जाते, म्हणजे २०५७ पर्यंत. रॉयल्टी १५ टक्के, आणि रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे किमतीच्या साडेचार टक्के. बेरीज वीस टक्क्यांच्याही आत. डिचोलीची बोली आणि ही बेरीज एकाखाली एक लिहून पाहा. गडचिरोलीत आज जन्मलेली मुलगी २०५७ साली तिशी ओलांडून गेलेली असेल. तिच्या वाट्याची शिल्लक कोणत्या खात्यावर आहे?

जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही २०१५ च्या दुरुस्तीतली चांगली कल्पना होती. खाणीच्या झळा ज्यांना लागतात त्यांच्यासाठी पैसा, त्यांच्याच जिल्ह्यात. पाणी, आरोग्य, शिक्षण आधी. पण २०२१ साली केंद्राला आदेश काढावा लागला, की राज्य सरकारांनी या निधीतून परस्पर खर्च मंजूर करू नये. असा आदेश उगीच काढला जात नाही. खाणगावचा पैसा खाणगावापर्यंत पोचायला दिल्लीचं पत्र लागतं, आणि खाणीचा चिखल मात्र कुणाचं पत्र न घेता पोचतो. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाला विचारा. जुलै २०२१ मध्ये खाणीतला डोंगराचा भाग खचला आणि खड्ड्यात साठलेलं पाणी चिखलासकट बागायतीत आणि घरांत घुसलं.

‘निधी काढला की झालं’ असंही नाही. प्रशांत महासागरात नाउरू नावाचा २१ चौरस किलोमीटरचा देश आहे. सगळं बेट फॉस्फेटचं. १९६८ साली स्वतंत्र झाला, १९७० मध्ये खाणी ताब्यात घेतल्या, आणि काही काळ तिथलं दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांच्या बरोबरीचं होतं. त्यांनी निधी काढला होता. त्यातून मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी केली. लंडनमधल्या एका संगीत नाटकातही पैसा घातला, ते आठवड्यांत बंद पडलं. फॉस्फेट संपत आलं, कर्ज वाढलं, २००४ साली ती इमारतही विकावी लागली. बेटाच्या मध्यभागी आज चुनखडीचे सुळके उभे आहेत, तिथे शेतीही होत नाही आणि घरही बांधता येत नाही. निधी होता, त्याला कुलूप नव्हतं.

नॉर्वेने कुलूप घातलं. समुद्रात १९६९ साली तेल सापडलं, १९९० मध्ये निधीचा कायदा झाला, १९९६ मध्ये पहिली रक्कम पडली. तेलाचा पैसा निधीत जातो आणि सरकारने त्यातून दर वर्षी सरासरी अपेक्षित परताव्याएवढंच घ्यावं असा दंडक २००१ पासून आहे. आधी ४ टक्के, २०१७ पासून ३. मुद्दलाला हात लावायचा नाही. जगातल्या सगळ्या नोंदणीकृत शेअरांपैकी सुमारे दीड टक्का आज या एका निधीकडे आहे. नॉर्वे श्रीमंत, शिकलेला, लोकसंख्येने लहान देश, आपली तुलना कशी होईल, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी आपल्या आजीकडे पाठवीन. मुद्दल मोडू नये, व्याजावर भागवावं, हे तिला ऑस्लोतून कुणी कळवलं नव्हतं.

‘गरीब राज्याला आज शाळा, दवाखाने, रस्ते हवेत, ठेवी कसल्या करता?’ हा आक्षेप मला मान्य आहे, अर्ध्यापुरता. सोनं मोडून पोरीला डॉक्टर केलं, तर ते सोनं गेलं असं कुणी म्हणत नाही. डोंगर विकून गडचिरोलीत चांगलं रुग्णालय उभं राहिलं, शाळेत शिक्षक आले, तर तोही वारसाच, फक्त रूप बदललेला. पण त्यासाठी आधी मान्य करावं लागेल की हा पैसा विक्रीचा आहे, आणि तो कशात घातला ते दाखवावं लागेल. महसुलात मिसळला की तो पगार, व्याज आणि निवडणुकीआधीच्या घोषणांत विरघळतो. मग कोणत्या टनाचं काय झालं, हे कुणाला सांगता येत नाही. रकाना बदलला की लपवायला जागा राहत नाही, म्हणूनच तो बदलत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा एक काम करा. आपल्या राज्याचा अर्थसंकल्प इंटरनेटवर मिळतो. महसुली जमेची पानं उघडा, लेखाशीर्ष ०८५३ शोधा, त्यापुढचा आकडा कागदावर लिहून घ्या. तो कागद घेऊन आपल्या आमदाराकडे जा आणि विचारा, की या रकमेएवढी वस्तू यंदा राज्याच्या जमिनीतून कायमची गेली, तिच्या बदल्यात काय आलं ते कोणत्या पानावर लिहिलं आहे?